सलाईनचं चाक

ती. मामांस,

दहाव्याला तुम्ही पाहुण्यांना सांगत होता, "डाक्टरनं सलाईन धो धो सोडलं, माझी बहीण गारठून गेली." मी तिथेच पंगतीत वाढत होते.

आईच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरला होता, बीपी फार खाली गेला होता. म्हणून डॉक्टरांनी सलाईन भरभर सोडलं होतं. मी औषधं घेऊन वर आले, तेव्हा ते थेंबथेंब पडत होतं. सिस्टर विचारत होत्या, "नळीवरच्या चाकाला हात कुणी लावला?" तुम्ही म्हणालात, "कुणी न्हाई." मग जिन्यात मला म्हणालात, "हुडहुडी भरली हुती तिला. गार पानी ते, म्हनलं दमानं जाऊ दे."

ती हुडहुडी तापाची होती, मामा.

तेवढ्यानंच आई गेली असं सांगता येत नाही, असं मी विचारल्यावर डॉक्टर म्हणाल्या. मान्य. तुमची माया खरी होती, तेही मान्य. पण आता त्याच डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारीवर माझी सही मागता?

मी सही करणार नाही. का, ते तोंडावर सांगायला हवं. पण तुमचे डोळे आईचेच आहेत. म्हणून लिहिलं, आणि हे पाठवणारही नाही.

तुमची भाची,
ज्ञानेश्वरी