आईची साल

१० फेब्रुवारी १९४६

नाही म्हणाले! डॉक्टरांच्या तोंडावर, उभ्या-उभ्या!

प्रेमलताचा उजवा हात स्टोव्हच्या भडक्यात भाजला, त्याला आज पाच आठवडे झाले. बोटांवर कातडी धरतच नाही, नुसतं लाल मांस. डॉक्टर मधुसूदन लढाईत शिपायांचे असे हात दुरुस्त करून आले आहेत. त्यांच्याकडे अमेरिकेतून आलेलं नवं यंत्र आहे — अर्ध्या पिंपासारखं, हातात मावणारं. मांडीवरून फिरवलं की कातडीची साल निघते, सगळीकडे सारखी पातळ. ती हातावर शिवायची. मांडी पंधरा दिवसांत भरते म्हणाले, डाग तेवढा राहतो.

डाग म्हटल्याबरोबर हे उठले. "एक डाग पुरे आहे. दुसरा मी हौसेने पाडून घेणार नाही." वैशाखात अमरावतीचं स्थळ पक्कं करायचं आहे. त्यांना हाताचंसुद्धा कळवलेलं नाही.

मुलगी सोळाची, म्हणून वडिलांची सही हवी. सोळाची! तिला अठरा पूर्ण झाली. स्थळांसाठी यांनी दोन वर्षं कमी करून नवी पत्रिका लिहून घेतली. खरी माझ्या ट्रंकेत तळाशी आहे.

मी पिशवी उचलली आणि यांच्या मागोमाग बाहेर पडले.

११ फेब्रुवारी

सासूबाईंनी तोड काढली — आईचं कातडं घ्या. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, दुसऱ्याची साल तीन आठवडे टिकते, मग अंग ती टाकून देतं. आईची असली तरी. जखम झाकली जाईल एवढाच उपयोग, पुढे मुलीचीच लागेल. सासूबाई म्हणाल्या, "नऊ महिने पोटात वाढवलं, त्या पोरीला आईचं कातडं परकं कसं होईल?"

मलाही ते पटलं. पटावं असं वाटलं.

१३ फेब्रुवारी

मांडी बधिर केली होती. यंत्राचा कर्र कर्र आवाज तेवढा ऐकला. आता आग-आग होते आहे. होऊ दे.

२० फेब्रुवारी

धरली! पट्टी सोडली तर गुलाबी, ओलसर, जिवंत. यांनी वॉर्डभर पेढे वाटले. सासूबाई येईल त्याला माझी मांडी दाखवायला निघाल्या होत्या! वॉर्डातली आया जिजाबाई पेढा हातात घेऊन म्हणाली, "बाई, आत्ताच काहून वाटून राहिल्या? डाक्टर तं तीन हप्ते म्हनत व्हते." मी तिच्याशी बोललेच नाही.

३ मार्च

कडा काळसर.

६ मार्च

गेली. पट्टीबरोबर निघून आली, भिजलेल्या कागदासारखी. खाली तेच लाल मांस.

यांनी डॉक्टरांना बोल लावला. सासूबाई म्हणतात, माझ्या मनात काहीतरी कमी असेल! कमी? मांडीची साल काढून दिली, अजून काय सोलून देऊ?

पण सगळ्यात जास्त संताप माझा मलाच येतो आहे. डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, कारण मला आई म्हणून मिरवायचं होतं. सही मिळवायला भांडावं लागलं असतं. मांडी देणं सोपं होतं.

प्रेमलता रडली नाही. म्हणाली, "आई, तू दिलंस, पण मला कुणी विचारलं का? मला माझी बोटं हवीत. अमरावतीकर काय मांडी बघायला येणार आहेत?"

हसू आलं. मग इतकी लाज वाटली!

८ मार्च

डॉक्टर म्हणतात, आणखी महिनाभर असंच राहिलं तर बोटं मागे ओढली जाऊन पंजा वाकडा होईल, आणि मग यंत्रही काही करणार नाही. प्रेमलता बी आहे का बघायला संत्र्याची फोड उजव्या हातात धरून पाहत होती. धरता आली नाही. डाव्या हाताने उचलली, मला दिली.

यांना पुन्हा विचारलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "लग्नानंतर बघू. मग तिच्या सासरचे काय ते ठरवतील."

वीस वर्षं मी या माणसाच्या पेपराशी बोलते आहे!

९ मार्च

हे कचेरीत गेल्यावर ट्रंकेतून खरी पत्रिका काढली. टांगा केला. डॉक्टरांना दाखवली आणि मी तिची आई, मुलीचं वय अठरा पूर्ण, असं लिहून दिलं. वाटेत अमरावतीला कार्ड टाकलं — वयही कळवलं, हातही.

प्रेमलताने सही स्वतः केली. डाव्या हाताने, वाकडी. खाली साक्षीदार म्हणून मी माझं पूर्ण नाव घातलं.

मग ती म्हणाली, आता तू बाहेर बस.