जाळीवरचा मंगळवार

ब्रुनेनस्ट्रासे, पूर्व बर्लिन
१७ जानेवारी १९६८

ती. हेटेताईस,
आल्विनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नऊ दिवसांनी पोचलं. पाकीट नीट चिकटवलेलं होतं, जरा जास्तच नीट. आपण एकाच रस्त्यावर राहतो. मधे भिंत नव्हती तेव्हा तुझ्या दारापासून माझ्या दारापर्यंत चालत बावीस मिनिटं लागत, वाटेत सिगारेट पेटवायला थांबलो तर पंचवीस. आता पत्राला नऊ दिवस. पत्राचे गुडघे माझ्याहून वाईट दिसतात.

तू लिहितेस की आल्वि, जन्मभर फरशा बसवून गुडघ्यांचं वाटोळं केलंस, आता तरी बूट झिजवायचे सोड आणि ट्रामने हिंड. तुला गाडीत बसून शहर बघायची हौस पहिल्यापासूनच. अगं, ट्राम वळते. रस्ता संपायच्या आधीच वळते, आणि पुढे रस्ता होता हे माणूस बसल्या जागी विसरतो. पायांनी निदान शेवटपर्यंत जाता येतं. माझ्या दारापासून सहाशे बारा पावलं, मग पाटी, मग शिपाई. परवा तो म्हणाला की आजोबा, रोज काय बघता, ती भिंत काही हलत नाही. मी म्हटलं, जरा पाय मोकळे करतोय. तेव्हापासून मला घोर लागलाय, की 'मोकळे' हा शब्द मी त्याच्यापुढे का काढला.

तुम्हा पश्चिमवाल्यांना इकडे यायचे पास बंद झाले त्याला दीड वर्षावर होऊन गेलं. नऊ मेला मला पासष्ट पुरी होतील. निवृत्त माणसाला पासष्टीनंतर वर्षातून एकदा पलीकडे सोडतात. बायकांना साठीनंतर सोडतात, पण आमच्या सौ. एर्नाच्या साठीला अजून दोन वर्षं आहेत, म्हणजे मी एकटाच. मला देतील का परवाना? दुसऱ्या मजल्यावरच्या क्योपकेला दिला, पण तो कमी बोलणारा माणूस आहे.

डोळ्यांबद्दल तू एकच ओळ लिहून कोबीवर गेलीस. मी शाळा अर्धी सोडली असली तरी गाळलेली जागा मला कळते.

एर्नाचा नमस्कार. रागावलीस तरी माया आटवू नकोस.

तुझा
आल्विन


ब्रुनेनस्ट्रासे, पश्चिम बर्लिन
२९ जानेवारी १९६८

चि. आल्विनास,
अनेक आशीर्वाद.

गाळलेली जागा भरते. डॉक्टर म्हणाले की नजरेचा मधला भाग जातोय. ज्यांचे चेहरे बघायचे असतील त्यांना उन्हाळ्याच्या आत बघून घ्या, पुढचं सांगता येत नाही. मला काही राजवाडे बघायचे राहिलेले नाहीत. तुझं ते वाकडं नाक एकदा डोळ्यांनी बघायचंय. तेव्हा मेमध्ये ये आणि तोवर क्योपकेसारखा गप्प राहा.

गाडीत बसायच्या हौसेबद्दल म्हणशील तर ऐक. दर मंगळवारी मी क्रॉइत्सबर्गच्या दवाखान्यात जाते, भुयारी रेल्वेने. ती तुमच्या हद्दीखालून जाते. तिथली स्टेशनं बंद, गाडी थांबत नाही, नुसती हळू होते. तुझ्या रोझेनथालर चौकाखाली एक मिणमिणता दिवा, दोन बंदूकवाले, आणि तू तरुणपणी बसवलेल्या त्या नारिंगी फरशा. तिसऱ्या खांबावर जी तिरपी बसली म्हणून मुकादमाने तुझा उद्धार केला होता, ती अजून तिरपीच आहे. मला आता नीट दिसत नाही, पण तुझी चूक दिसते.

पावणेचारला मी बरोबर तुझ्या पायांखाली असते. बस मग वर बूट झिजवत.

थंडीत मफलर घाल. आठवण ठेवतोसच, लिहितही राहा.

तुझी
हेटे


पूर्व बर्लिन
१४ फेब्रुवारी १९६८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल चौकात, भुयारातली हवा वर सोडणाऱ्या लोखंडी जाळीवर जाऊन उभा राहिलो. दर पाच मिनिटांनी खालून गडगड येते, पण पावणेचारची आली ती बुटांच्या तळव्यांना आधी कळली. उबदार हवा वर आली, जुन्या लोखंडाच्या वासाची. मी टोपी काढली. थोरल्या बहिणीपुढे आणखी काय करणार? तू चार-पाच मीटर खाली असशील. लहानपणी तू माळ्यावर निजायचीस आणि मी चुलीजवळ, त्याहून फार नाही.

आमच्या जिन्यातल्या फ्राउ त्सीमकेने पाहिलंच. म्हणाली, हेर लोबेक, एवढ्या गारठ्यात टक्कल उघडं टाकून सलाम कुणाला? मी म्हटलं, खालची ऊब घेतोय. ती म्हणाली, डोक्याने? एर्नाचं म्हणणं, ज्याला थाप मारता येत नाही त्याने घराबाहेर पडू नये.

आता दर मंगळवारी मी तिथेच, पावणेचारला, घड्याळाच्या खांबाजवळच्या जाळीवर. तू पहिल्या डब्यात बसत जा, म्हणजे मला टोपी नेमकी कधी काढायची ते कळेल.

तुझ्या पायांवर नाही, पण डोक्यावर नमस्कार.

आल्विन


पूर्व बर्लिन
६ मार्च १९६८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल जाळीवर लोखंडी पत्रा ठोकलेला होता. चौकात अशा चार जाळ्या आहेत. तीन उघड्या आहेत. शेजारी चांगला कोट घातलेला एक माणूस उभा होता. अदबीने म्हणाला, काय आजोबा, आज टोपी नाही काढत? मग विचारलं, कुणासाठी काढता? बहिणीसाठी, म्हटलं. त्याने लिहून घेतलं. एवढ्याशा शब्दाला त्याची पेन्सिल बराच वेळ चालली.

एर्नाने कपाळाला हात लावला. म्हणाली, अख्खं शहर कुजबुजत जगतंय, आणि तू वार, वेळ, चौक, खांब, डबा, सगळं वेळापत्रकासारखं पाकिटात घालून पाठवतोस. त्यांनी शोधायचं तरी काय? खरं आहे, ताई. तो पत्रा मीच ठोकलाय. आता अर्ज करीन तेव्हा ही पत्रं वर निघतील, आणि तुझा उन्हाळा माझ्या तोंडापायी जाईल.

गप्प बसावं तर गप्प का झाला म्हणतील. म्हणून लिहितो की हवा बरी आहे आणि बटाटे चांगले मिळाले.

क्षमा करायचं जमलं तर कर.

आल्विन


पश्चिम बर्लिन
१८ मार्च १९६८

चि. आल्विनास,
अनेक आशीर्वाद.

आधी मधल्या वाचणाऱ्यांना सांगते. माझ्या भावाकडे लपवण्यासारखं काही असतं, तर त्याने ते तुम्हाला केव्हाच कळवलं असतं.

आता तू. पत्रा असो नसो, गाडी जातेच. गेल्या मंगळवारी शेजारी एक अनोळखी बाई बसली होती. तिला म्हटलं, इथे वर माझा भाऊ उभा असतो. तिने मला वेड्यात काढलं नाही. डब्याच्या छताकडे बघून मान लववली, वडीलधाऱ्यांना करतात तशी.

अर्जात विचारतील तेवढंच लिही. पदरचं काही जोडू नकोस. माझं मधलं काळं वाढतंय, पण कडा शाबूत आहेत. उशीर नको, एवढंच.

तुझी वाट बघणारी
हेटे


पूर्व बर्लिन
१६ मे १९६८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवाना मिळाला. चोवीस मे ते एकवीस जून. कचेरीतल्या बाईने कागद चाळले, मान वर न करता विचारलं की टोपीवाले तुम्हीच का? मी हो म्हटलं. तिने शिक्का उचलला आणि हातातच धरून ठेवला. तेवढ्यात शेजारचीने कॉफी आणली. मग तिने शिक्का मारला. कॉफीमुळे मारला की कसा, हे मला जन्मात कळणार नाही, आणि परत आलो की विचारतील का, ही काळजी आतापासूनच आहे.

हे पत्र बहुधा माझ्यानंतर पोचेल. तेव्हा मलाच वाचून दाखव.

आल्विन


पश्चिम बर्लिन
२९ मे १९६८

प्रिय सौ. एर्ना हिस,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. रस्ता तोच, पण फ्रीडरिशस्ट्रासेच्या सरहद्द नाक्यावर जा, रांगेत थांबा, गाडी धरा, गाडी बदला, असं करत बावीस मिनिटांच्या जागी साडेतीन तास झाले. ताईने दार उघडलं आणि मला खिडकीत नेलं. तिला समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. म्हणून कोंबडीसारखी मान तिरकी करून, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, तिने मला बघितलं. बराच वेळ लावला. म्हणाली, नाक आहे तसंच आहे, बाकीचं म्हातारं झालंय. मग प्लमचा केक कापला, त्यात दोनदा चुकली.

इकडच्या बाजूनेही मी चालत गेलो. तिच्या दारापासून भिंतीपर्यंत आठशे चाळीस पावलं. घराकडची सहाशे बारा मला पाठ आहेत. मधली तीस-पस्तीस असतील, ती मोजायची राहिली.

काल मंगळवार. ताईबरोबर भुयारी गाडीत बसलो. दोन स्टेशनं गेली आणि दिवे मंदावले, लोक बोलायचे थांबले. आमचा चौक आला. माझ्या फरशा धुरकटल्यात. तिसरा खांब आला. ताईने विचारलं, दिसली? मी म्हटलं, दिसली, तिरपीच आहे. एर्ना, चार-पाच मीटर वर आपलं घर होतं, तुझी चूल होती, आणि डब्याचं दार उघडायची मूठ माझ्या हाताजवळ होती. गाडी हळू झाली आणि गेली. मी टोपी काढून मांडीवर धरली. ती पुढच्या चार स्टेशनांत डोक्यावर घालायचं सुचलं नाही.

ताई राहा म्हणत नाही. पण माझ्यासाठी सपाता घेतल्यात, लोकरीच्या, पाच-सहा हिवाळे टिकतील अशा. इथे असलो की तू वर, तिथे असलो की ती खाली. मी पंधरा जूनला निघतो.

जायच्या आधी तुला तोंडी सांगितलं होतं ते तू केलंस की नाही, ते मात्र लिहू नकोस.

तुझ्या मनात जागा राखून ठेव.

आल्विन


पूर्व बर्लिन
४ जून १९६८

प्रिय आल्विन यास,
एर्नाचा स. न. वि. वि.

पत्र सहा दिवसांत आलं. हल्ली तुझी पत्रं त्यांची लवकर वाचून होत असावीत.

परवाना एकवीसपर्यंत आहे, तू पंधराला कशाला निघतोस? अठराला मंगळवार येतो. तो ताईंना देऊन ये. मला साठी गाठायची आहे, मी कुठे जात नाही. सपाता तिथेच ठेव, पुढच्या वर्षी लागतील.

लिहू नकोस म्हणालास, तरी लिहिते. मंगळवार, अठ्ठावीस मे, पावणेचार, रोझेनथालर चौक, घड्याळाच्या खांबाजवळचा लोखंडी पत्रा. मी उभी होते. बटाट्यांची पिशवी खाली ठेवली आणि डोक्यावरचा रुमाल सोडला. पत्रा चांगलाच थरथरला. तो कोटवाला आला आणि म्हणाला, बाई, तुम्ही कुणासाठी? मी म्हटलं, नवरा चाललाय खालून. तो लिहायला लागला, तेव्हा त्याला आपलं नाव नीट सांगितलं, आणि आजच्या मंगळवारीही तिथे उभी राहून सांगून आले.

बाकी क्षेम.

तुझीच
एर्ना