पांढरी फांदी

३ तारीख, सोमवार
आले एकदाची पोराच्या घरी. चार जिने चढताना गुडघ्यांनी कुरकुर केली, पण खोली बघून सगळं विसरले. मऊ गादी, मोठी खिडकी, आणि बुटक्या कपाटावरून खिडकीकडे लोंबत गेलेला मनीप्लांट. हिरव्या पानांवर पांढरे शिंतोडे, जणू चुना लावताना कुणाचा हात हलला. ही वही नातीने दिली. म्हणाली, आजी, रोज चार ओळी लिही, अक्षर सुधारेल. दुसरी पास म्हातारीला आठ वर्षांची मास्तरीण मिळाली. सून जाऊन आता वर्ष होईल. बाईमाणसावाचून घर ओस पडतं, म्हणून पोराने मला बोलावलं. खरं तर मीच बोलवायला लावलं. वहीपाशी कशाला लपवाछपवी.

६ तारीख
कुंडीमागच्या भिंतीवर सुनेच्या हातचा कागद चिकटवलाय. अक्षर अक्षर लावून वाचेपर्यंत चहा गार. बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी घाला. पानं ओल्या फडक्याने पुसा. अख्खी पांढरी फांदी फुटली तर कात्री पुसून घ्या आणि पेराच्या खालून छाटा. ती काही कमवत नाही, बाकीच्यांचं खाते.
नात त्या कागदाबाहेर पाऊल टाकत नाही. मी पेलाभर पाणी ओतायला गेले, तर मान वाकडी करून म्हणाली, आजी, आधी बोट. अगदी आईवर गेलीय. घातलं बाई बोट. माती कोमट लागली. खिडकीतलं ऊन असेल.

११ तारीख
कागदातलं शेवटचं वाक्य घशात अडकलंय. ते माझं आहे.
सून सहा महिने अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी फोनवर पोराला म्हटलं होतं, ती काही कमवत नाही, बाकीच्यांचं खाते, छाट आणि मोकळा हो. पोरगा म्हणाला, तू म्हणशील तसं, आई. दुसऱ्या दिवशी तिला माहेरी पोचवलं. तिथे कुणी धड डॉक्टरसुद्धा नव्हता. तीन आठवड्यांत गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. पण तिला कसं कळलं? नातीला विचारलं. म्हणाली, बाबांनी फोन स्पीकरवर लावला होता. आईने कागद त्याच संध्याकाळी लिहिला, मी चिकटवला.

१५ तारीख
बोट पांढरं पडलंय. मातीत घातलं तेच, बरोबर दोन पेरं. डॉक्टरने मलम दिलं. झाडाचे शिंतोडे मात्र गायब, पानं हिरवीगार. आणि झाडं उजेडाकडे जातात ना? हे खिडकी सोडून माझ्या उशीकडे वळलंय.

१९ तारीख
हात कोपरापर्यंत पांढरा. भूक भागत नाही. सकाळी सगळी पोळी-भाजी मीच संपवली, पोराच्या डब्याचीसुद्धा. अंगी काही लागत नाही. पोरगा वाळलाय. नात शाळेत चक्कर येऊन पडली. माझ्याकडे बघत होती, मग कागदाकडे.

२० तारीख
कागद फाडला, गॅसवर जाळला. नातीला तो पाठ आहे. जेवताना म्हणून दाखवला, शेवटच्या ओळीसकट.

२२ तारीख
आरशात बघितलं. चेहरा, मान, सगळं — डोळ्यांच्या कडासुद्धा. कुंडी बाहेर टाक म्हटलं पोराला. ऐकलं नाही. आज वेल पायाला होती. सोडवली. परत —

२३ तारीख
मी सुनेची माफी मागितली. झाडासमोर बसून, मोठ्याने. पान हललं नाही. पायाची पकड घट्ट झाली.

२४, दुपार
नात शाळेतून आली. दप्तर खाली ठेवलं, कात्री ओल्या फडक्याने पुसतेय. सावकाश, दोन्ही पाती. पोरगा दारात उभा आहे. हाक मारली, अरे तुझी आई आहे मी. तो तिच्याकडे बघून म्हणाला, तू म्हणशील तसं, बाळ.

उठता येत नाही. ती माझ्या शेजारी बसलीय. मान वाकडी. मी म्हटलं, लिहितेय, थांब, एवढी ओळ — थांबत नाही. म्हणते, आजी, आधी बो