अर्लच्या गॅरेजातला दसरा

हर्नडन, व्हर्जिनिया
दसऱ्यानंतरचा गुरुवार, १९८६

तीर्थस्वरूप दादास,

श्रीरंगचा साष्टांग नमस्कार. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? (डॉक्टरांचं ऐकत नसणारच.) आम्ही खुशाल.

बाबांची बंदूक रत्नागिरीच्या दुकानदाराला विकून टाकणार, हे तुझं पत्र पोचलं. योग्यच आहे. आता रानडुकरांवर कोण धावणार? मी फक्त ते पत्र सातदा वाचलं, एवढंच.

त्याचं असं झालं, की आमचे जुने साहेब रिटायर होऊन ओहायोला गेलेत. त्यांच्याकडे अगदी बाबांच्या बंदुकीसारखी दुनळी. दसऱ्याला पुजायची म्हणून मी मागितली, त्यांनी आनंदाने दिली. पण इथे परराज्यातली बंदूक थेट घरी येत नाही. आपण राहतो तिथल्या परवानाधारक दुकानदाराच्या नावे येते, तो फॉर्म भरून घेतो, मग हाती देतो. पहिल्या दुकानदाराने विचारलं, शिकारीला की संरक्षणाला? मी खरं सांगितलं, पूजेला. त्याने सकाळी अकरालाच दुकान बंद केलं. दुसऱ्याने माझी झोप नीट होते का, याची चौकशी केली. तिसरा अर्ल. याचं दुकान म्हणजे घराचं गॅरेज, परवाना वॉशिंग मशीनच्या वर टांगलेला. "गोळ्या किती देऊ?" म्हणाला. मी म्हटलं, "गोळ्या नकोत, एक पाट मिळेल का?"

बंदूक आली ती ऐन दसऱ्याच्या सकाळी. इकडे सुहासिनीने बजावलेलं, ती वस्तू घरात आली तर मी नागपूरला माहेरी निघून जाईन. (धमकी ऐकून मला तिचा हेवाच वाटला.) मग काय, पूजा गॅरेजातच मांडली. हळद, कुंकू, अंगणातला झेंडू. अर्लने टोपी काढली. पूजा संपल्यावर हळूच म्हणाला, माझ्या बंदुकांचीही करून टाका. त्याच्या एकोणीस बंदुका, ड्रिल मशीन आणि गवत कापायचं यंत्र, सगळ्यांना कुंकू लावता लावता माझ्या पँटचा गुडघा लाल झाला. मग त्याने दुनळी उघडून दाखवली. नळीतल्या तेलाचा वास आला आणि दादा, मला रडू फुटलं. ओसरीवर बाबा फडकं घेऊन बसलेत, तू नळीतून माझ्याकडे बघतोयस, आई ओरडतेय. अर्लला वाटलं, हा कुठल्यातरी मंत्राचा भाग असावा. तो आदराने उभा राहिला.

दुनळी त्याच्याच कपाटात ठेवून रिकाम्या हातांनी घरी आलो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीरंग

ता. क. बाबांची बंदूक विकणं योग्यच आहे, असं वर लिहिलंय. ते खोडून वाच. मी येईपर्यंत विकू नकोस.

ता. क. २: मार्चचं तिकीट काढलंय. सुहासिनीला सांगितलं, बंदुकीचं काम आहे.

ता. क. ३: विकलीस तरी तिकीट परत करणार नाही. फक्त पत्रात एकदा "ये" असं लिही. आईबाबा गेल्यापासून ते मला कोणी लिहिलेलं नाही.