दादाचा परतीचा अर्ज

आबा,

दादाचा परतीचा अर्ज मे महिन्यात माझ्या टेबलावर आला. तुम्ही गेलात तेव्हा तो मोठ्या गोल्फ स्पर्धांत नुकताच खेळायला लागला होता आणि मी कचेरीत टायपिंग करत होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला कळायला मार्ग नाही. मी आता त्याच टूरची सचिव आहे, म्हणजे देशभर वर्षभर स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेची. गरज पडली तर मैदानावर पंच म्हणूनही उभी राहते. कंपनीच्या कॉलनीतल्या त्या नऊ होलच्या मैदानावर तुम्ही गवत कापायचात, आणि साहेब लोक टाकून गेलेल्या मासिकांतली चित्रं आम्हाला दाखवायचात. तिथून मी इथवर आले.

चारेक वर्षांपूर्वी परदेशात एक नवी लीग निघाली. अमाप पैसा, खेळाडूंचे संघ, मैदानावर मोठ्याने गाणी, आणि चार दिवसांऐवजी तीनच दिवस खेळ. परदेशातल्याच जुन्या, मोठ्या टूरवाल्यांना आपलं घर फुटतंय असं वाटलं. तिकडे जाईल त्याला इकडचं दार बंद, असं त्यांनी जाहीर केलं. कोर्टकचेऱ्या झाल्या, वर्षानुवर्षं एकत्र जेवलेली माणसं एकमेकांना टाळायला लागली. मग दोन्हीकडचे मोठे साहेब एका टेबलाला बसले, समझोता झाला म्हणाले, तो अडला, परत बोलणी सुरू झाली. आता गेलेल्यांपैकी कुणाला दंड लावून, कुणाला काही काळ बाहेर बसवून परत घेताहेत. आमच्या टूरने त्या मोठ्यांचं बघून बंदी घातली होती आणि मोठ्यांचं बघूनच ती उठवायला काढली.

दादाला त्या लीगच्या एका संघात राखीव खेळाडू म्हणून बोलावणं आलं तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. त्याने मला सांगितलं नाही. मी पेपरात वाचलं. आमच्या कमिटीची बैठक अर्धा तासही चालली नाही, आणि बंदीचं पत्र माझ्या सहीने गेलं. ते पोचलं त्या दिवशी त्याचे तीन फोन आले. मी उचलले नाहीत. चौथा आला नाही.

अर्ज हातात घेऊन बसले तेव्हा तुमचं एक बोलणं आठवलं. मी दहा वर्षांची आहे, दादा तेराचा. बोर्ली पंचतनहून तो चौलला त्याच्या मावशीकडे, म्हणजे आपल्याच घरी, शिकायला आलाय, आणि त्याला मोकळं बसवत नाही म्हणून तुम्ही त्यालाही माझ्याबरोबर मैदानावर नेता. साहेब लोक गेल्यावर आम्ही दोघं गोल्फच्या एकाच, कापून आखूड केलेल्या काठीने खेळतो. त्याचा चेंडू झुडपात अडकतो आणि तो पायाने हळूच बाहेर काढतो. मी धावत तुमच्याकडे येते. तुम्ही मशीनच्या पात्याला धार लावताय. मान वर न करता विचारता, "त्याला सांगितलंस?" मी नाही म्हणते. "मंग माझ्याकडं कशाला आलीस? चूक त्याची हाय, तर त्याच्या तोंडावर सांगायची. पाठीमागनं सांगायला अक्कल लागत न्हाय." चोरी त्याने केली आणि बोलणी मी खाल्ली, म्हणून मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नव्हते.

तर मी अर्ज पिशवीत घातला आणि निघाले. काशीद, मुरूड मागे टाकून आगरदांड्याला गाडी फेरीबोटीत चढवली, दिघीला उतरले आणि दुपारी बोर्लीला दादाच्या दारात. वहिनी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मला बघून तिचा हात थांबला नाही. "आलीस बाय? चार वरसं ह्यांनी तुझं नाव न्हाय काढलं. मी काढलं तर उठून जायचे." एवढं बोलून तिने पाट पुढे सरकवला. दादा मागच्या वाडीतून आला तो कमरेवर हात ठेवूनच. केस पांढरे झालेत त्याचे. मला बघून तो उंबऱ्यातच थांबला, मग माझ्यासमोर भिंतीला टेकून बसला.

मी म्हटलं, "ठराव कमिटीचा होता. सही माझी होती."

"बंदीचं काय न्हाय," तो म्हणाला. "नियम मोडला, शिक्षा झाली. फोन का न्हाय उचललास?"

"तू जाताना मला सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि मी थांबलो असतो. पाठ धरायला लागली होती गं. चौथ्या दिवशी वाकून चेंडू उचलता येत नव्हता. तिकडं तीनच दिवस खेळायचं होतं. पैसाबी होता, खोटं कशाला बोलू?"

आबा, मग मी त्याला ते सांगितलं जे कुणालाच सांगितलं नव्हतं. सही करताना मला बरं वाटलं होतं. का, तेही सांगितलं. मी पंधरा वर्षांची असताना मुंबईला तरुण खेळाडूंची स्पर्धा होती. कुणाला न्यायचं म्हणून तुम्ही आम्हा दोघांना नऊ होल खेळायला लावलंत. मी दोन फटक्यांनी जिंकले. दुसऱ्या दिवशी तुम्ही दादाला घेऊन गेलात. मी दिवसभर आईबरोबर वाडीत सुपाऱ्या गोळा केल्या. "तुलाच का नेलं, असं आबांना कधी विचारलंस?" मी म्हटलं.

"न्हाय. मला नेलं, मी गेलो." वहिनीने ताटं मांडली, ती त्याने जवळ ओढून घेतली. मग म्हणाला, "तिकडच्यांनी बोलावलं तवाबी तसाच गेलो. मागं कोण राहिलं ते बघितलं न्हाय."

"आता दोघं जेवा," वहिनी म्हणाली.

इतकी वर्षं मी तुमच्या वतीने कारणं शोधत होते. मुलींना प्रवेश नसेल, कुणी साहेब आडवा आला असेल, आई नको म्हणाली असेल. परतताना बोटीच्या कठड्याला टेकून उभी असताना मी ते शोधणं सोडून दिलं. मुलीला न्यायचं तुमच्या मनातच आलं नसेल. तुम्हीही इथलेच होतात, त्या काळचे. राग राहिला, पण आता तो ज्याचा त्याच्या नावावर आहे, दादाच्या नाही.

अर्जात एक रकाना होता, झाल्या प्रकाराबद्दल खेद व्यक्त करण्याचा. दादाने तो कोरा ठेवला होता. बैठकीत मी म्हटलं, हा रकाना काढून टाकू, माणसाला खेळायला घ्यायचंय की हात जोडायला लावायचंय? एक सभासद म्हणाले, जी मुलं मोह सोडून इथेच राहिली त्यांना आपण काय दिलं? त्यांचं म्हणणं मी कामकाजात लिहून घेतलं. शेवटी रकाना गेला, पण थेट प्रवेशही मिळाला नाही. नव्या पोरांबरोबर पात्रता फेरी खेळायची, पूर्ण चार दिवस. मला ते पटलं. दादाला मी स्वतः फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "चार दिवस? मारतेस आता मला," आणि हसला.

तो आला. पहिले तीन दिवस त्याच्यापेक्षा निम्म्या वयाच्या पोरांच्या बरोबरीने राहिला. तिसऱ्या दिवशी त्याचा चेंडू चिखलाच्या कडेला पडला आणि तो फुकट, म्हणजे दंडाचा फटका न धरता, उचलायची परवानगी मागायला त्याने मलाच हाक मारली. मी वाकून बघितलं. चेंडू कोरड्यात होता. "मिळणार नाही," मी म्हटलं. "बरं," म्हणून तो तसाच खेळला आणि एक फटका वाया गेला. चौथ्या दिवशी शेवटच्या होलवर आठेक फुटांवरून चेंडू आत घातला असता तर वर्षभराचा प्रवेश होता. मी ग्रीनच्या, भोकाभोवतीच्या हिरवळीच्या, कडेला पंचाचा बिल्ला लावून उभी होते. चेंडू सरळ गेला, भोकाच्या कडेला फिरला आणि बाहेर थांबला. दादाने टोपी काढून पोरांशी हात मिळवले. फटक्यांच्या कार्डावर सही करताना मला म्हणाला, "पुढच्या साली बघू. पाठ राहिली तर." मग वहिनीला फोन लावत गाडीकडे चालायला लागला, कमरेवर हात ठेवून.

हे कागद मी कचेरीत ठेवणार नाही आणि दादालाही दाखवणार नाही. पंचाला कुणाची बाजू नसते, हे मी दर वर्षी नव्या पंचांना शिकवते. पण चेंडू भोकाकडे निघाला तेव्हा मी "जा" म्हणाले, आबा. हळूच म्हणाले, पण शेजारच्याला ऐकू जाईल इतकं.