मुळाच्या पेशीचा पट्टा

प्रिय पप्पा,

इथल्या बर्फातून भिंगारच्या घराला सलाम! फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही, म्हणून लिहिते.

माझा प्रयोग जमला! मुळाची पेशी पाणी पिऊन वाढते, पण जाड न होता लांब होते. तिच्याभोवती सेल्युलोजचे धागे पट्ट्यासारखे आडवे गुंडाळलेले असतात ना, म्हणून. ते कुठल्या दिशेनं गुंडाळायचे, हे आतल्या अतिसूक्ष्म नळ्या ठरवतात. काल मी औषध घालून त्या नळ्याच मोडल्या. आज बघते तर धाग्यांची दिशा चुकलेली आणि मुळाचं टोक कांद्यासारखं टम्म! मी अशी ओरडले की शेजारच्या प्रयोगशाळेतले लोक धावत आले.

मी वेळेवर जेवते, काळजी नको. आईचे गुडघे कसे आहेत?

तीच सांगत होती, हर्नियाच्या ऑपरेशननंतर बांधायचा पट्टा तुम्ही रविवारी चर्चला जाताना काढून ठेवता, कारण तो बांधला की गाताना वरचा सूर लागत नाही. पप्पा, त्या मुळालाही काल असंच मोकळं वाटलं असेल. त्याचा फोटो सोबत पाठवतेय. पट्टा टांगता त्या खुंटीवर लावा.

तुमच्यावर चिडलेली, तुमचीच,
कृपा