ढगात अडकलेले बेचाळीस धवले

मी, नामा हिरू मढवी, वय वर्षे ७६, राहणार शिरवणे गाव, नेरूळ, नवी मुंबई, रबाळ्याच्या एका कारखान्यातून भांडारपाल म्हणून निवृत्त, आज मंगळवार दिनांक ६ जानेवारी २०२६ रोजी दुपारचे जेवण आटोपून, घरच्या टेबलावर, स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि मी कसलीही नशा केलेली नाही. माझी शुद्ध जागेवर असल्याचा दाखला डॉक्टर सुनयना यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. शुद्ध जागेवर आहे. जगात काय चालले आहे ते मात्र मला कळत नाही. या दोन गोष्टींची गल्लत कोणी कोर्टात करू नये.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदा मोबाईलवर करायला घेतले होते. त्याने आधी मी यंत्र नसल्याचे सिद्ध करायला सांगितले आणि नऊ चित्रे दाखवून त्यातले सिग्नल ओळखायला लावले. सिग्नलमध्ये खांब धरायचा की फक्त दिवे, हे न समजल्यामुळे तीन वेळा प्रयत्न करूनही मी माणूस ठरलो नाही. म्हणून हा कागद.

कलम १. कुटुंब. माझी पत्नी गोजरा ११ जानेवारी २०२४ रोजी वारली. ती धवलारीण होती, म्हणजे आमच्या आगरी लग्नात मांडवापासून पाठवणीपर्यंत धवले गाऊन विधी पार पाडणारी. पंचक्रोशीतली निम्मी लग्ने तिच्या गळ्यावर लागली. थोरला मुलगा मिथुन माझ्याजवळ राहतो, त्याची मुलगी मनस्वी. मनस्वीचे लग्न येत्या मे महिन्यात आहे. धाकटा मुलगा दिपेश सुनेसह, म्हणजे प्रियासह, खांदेश्वरला राहतो. दोघे भाऊ दोन वर्षे एकमेकांशी बोललेले नाहीत. आईचा फोन दिपेशने परस्पर विकला, असे मिथुनचे म्हणणे आहे. त्या फोनचा खुलासा कलम ५ मध्ये केला आहे. ते कलम माझ्या मृत्यूनंतर दोन्ही मुलांना समोरासमोर बसवून वाचावे.

कलम २. घर. तळमजला व पहिला मजला मिथुनला, दुसरा मजला दिपेशला. गच्ची दोघांची. गच्चीवरची टीव्हीची छत्री कोणालाच देत नाही, ती काढून टाकावी. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाशी तिचे संधान आहे म्हणतात, पण तिच्यावर कबुतर बसले की बातम्या बंद पडतात. परदेशात रॉकेट वर जाऊन पुन्हा आपल्या शेपटीवर उभे उतरते, ते मी स्वतः टीव्हीवर पाहिले आहे. आमच्या गल्लीत पालिकेची गटारसफाईची गाडी शिरली तर तिला मागे घेता येत नाही. हे दोन्ही एकाच शतकात कसे, हा माझा प्रश्न आहे. उत्तर माहीत असलेल्याने माझ्या फोटोसमोर येऊन सांगावे.

कलम ३. शेत. देण्यासाठी शेत उरलेले नाही, तरी नोंद असावी. आमचे खाचर जिथे होते तिथे आज बिनखिडक्यांची भलीमोठी इमारत आहे. आत माणसे फार नाहीत, पण गारवा एवढा की म्हणे काम करणारी मुले मे महिन्यात स्वेटर घालतात. तिच्यात काय आहे असे मी रखवालदाराला विचारले, तर तो म्हणाला, "चाचा, इसमें क्लाउड है." मी वर पाहिले. तो म्हणाला, "ऊपर नहीं, अंदर." ज्या खाचरासाठी माझ्या बापाने उभा जन्म ढगाची वाट पाहिली, त्यातच आता ढग बांधून ठेवला आहे आणि त्याला गार ठेवायला पाणी लागते. आमच्या नळाला पाणी सकाळी पाऊण तास येते. मी तक्रार करीत नाही, मला फक्त समजत नाही.

कलम ४. हत्यारे, कात्रणे व शत्रुत्व. विळे, फावडे आणि नांगराचा फाळ मिथुनला. त्यांचा उपयोग त्याला होणार नाही, पण भंगारात घालू नये. अंतराळाच्या बातम्यांची माझी कात्रणे, दोन फायली, मनस्वीला. शेजारी सिताराम यास काहीही देत नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही असे वकिलांनी सांगितले, म्हणूनच मी त्याला साक्षीदार केले. माणूस चंद्रावर गेलाच नाही असे सिताराम चाळीस वर्षे म्हणतो. मात्र मंगळावरून किरण येणार, फोन बंद करून झोपा, असा निरोप आला की तोच सगळ्या गल्लीचे फोन बंद करायला लावतो. त्याला मी क्षमा केलेली नाही.

कृत्रिम बुद्धीबद्दलही येथेच लिहितो. मनस्वीने माझ्या फोनमध्ये ती बसवून दिली. काहीही विचारा, म्हणाली. मी विचारले, गोजरा मढवी कोण? त्या बुद्धीने अत्यंत अदबीने सांगितले की या नावाची माहिती नाही, परंतु ही बहुधा पालेभाजी असावी, आणि करायची कृती दिली. चिरलेला कांदा, दोन मिरच्या. मी फोन पालथा ठेवला.

कलम ५. फोन. हे लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला आहे.

गोजराच्या दहाव्याला आम्ही खाडीवर गेलो. पिंड ठेवले. कावळा शिवेना. मिथुनने हात जोडून सांगितले, मनस्वीचे लग्न थाटात लावू. कावळा खांबावरच. दिपेशने सांगितले, घर मोडणार नाही. कावळ्याने मान फिरवली. ऊन चढले, माणसे घड्याळे बघू लागली. मला वाटले, हिचा जीव फोनमध्ये अडकला असेल. शेवटच्या वर्षात, घरी असताना, तो तिच्या कमरेच्या पिशवीतून कधी निघाला नाही. ती गेल्यापासून तो माझ्या खिशात होता. मी वाकल्यासारखे केले आणि फोन पिंडाच्या पानाखाली सरकवला. मागे सरलो तोच कावळा उतरला.

जिच्यासाठी कावळा उतरला ती वस्तू घरी कशी न्यायची? सगळे पाय धुवायला वळले तेव्हा मी फोन तिच्या रुमालात गुंडाळून खाडीत सोडला. कोणाला सांगितले नाही. मला ते योग्य वाटले होते.

पंधरा दिवसांनी मनस्वी रडत आली. आजीने तिच्या लग्नासाठी बेचाळीस धवले त्या फोनमध्ये गाऊन ठेवले होते. वहीत एक ओळ नाही, कारण गोजराला लिहिता येत नव्हते. शोधाशोध झाली. दवाखान्यात फोन दिपेश सांभाळायचा, त्याच सुमारास त्याने नवी गाडी घेतली होती, आणि मिथुन सर्वांदेखत म्हणाला, "आईचा फोन इकलास तू." मी तिथेच खुर्चीवर बसलो होतो. तोंड उघडले नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, मग उशिराचीही लाज वाटू लागली. दिपेशने काही विकले नाही. माझ्या धाकट्या मुलावर मी चोरीचा आळ राहू दिला. हे माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट काम आहे.

आता यातला तांत्रिक भाग, जो मला जेवढा कळला तेवढा. वरच्या खोलीतला भाडेकरू अभय कॉम्प्युटरचे काम करतो. तो म्हणाला, "आजोबा, टेन्शन नका घेऊ. फोन गेला तरी गाणी क्लाउडमध्ये सेफ असणार." दिपेशनेच आईला तशी सोय करून दिली होती. तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "ढगान ठेवलास, तं पावसान परंल नं रं?" मी अभयला विचारले, म्हणजे आमच्या खाचरातल्या त्या इमारतीत? तो म्हणाला, तिथे असतील, नाहीतर सिंगापूरला असतील, नाहीतर थोडी इथे थोडी तिथे. धवला अर्धा शिरवण्यात आणि अर्धा सिंगापुरात कसा राहतो, हे मी पुन्हा विचारले नाही.

हा ढग उघडायला दोन किल्ल्या लागतात. एक पासवर्ड, तो फक्त दिपेशला ठाऊक. मनस्वीने मागितला, तर तो म्हणाला, ज्यांनी मला चोर ठरवले त्यांनी आधी खरे काय ते शोधावे. दुसरी किल्ली ओटीपी, जो गोजराच्या नंबरावर येतो. ते सिमकार्ड खाडीत. जवळजवळ पन्नास वर्षांपूर्वी सोडलेले यान सूर्यमालेपलीकडून अजून निरोप पाठवते, हे कात्रण माझ्या फायलीत आहे. आमची खाडी दहा मिनिटांच्या चालीवर आहे.

तरीही मागच्या वर्षी एकदा मी गोजराचा नंबर लावला. घंटा वाजली आणि एक बाई बोलली. कंपनीने तो नंबर तुर्भ्याच्या राजाबाईंना दिला होता. मूळच्या साताऱ्याकडच्या, यजमान जोतीराम बाजारात माथाडी. मी घाबरून एकदम ओटीपीच मागितला. त्या ओरडल्या, "लाज न्हाई वाटत? म्हाताऱ्याचा आवाज काढून बायकास्नी लुबाडतोस व्हय?" चूक त्यांची नाही. ओटीपी कोणाला देऊ नका, हे तर दर फोनच्या आधी ऐकवतात. मी पुन्हा पुन्हा फोन केला. सहाव्यांदा त्यांनी ऐकून घेतले. घरात कोणाला न सांगितलेले सर्व मी त्या परक्या बाईला सांगितले. आता त्या सिमकार्ड जपून आहेत आणि मला बाबा म्हणतात. आज त्या साक्षीदार म्हणून येत आहेत.

तेव्हा माझ्या मृत्यूनंतर दिपेशने पासवर्ड द्यावा, राजाबाई ओटीपी देतील, आणि बेचाळीस धवले मनस्वीला मिळावेत. हीच माझी खरी मिळकत आहे.

येथपर्यंत लिहून झाल्यावर दुपारी चार वाजता दोन्ही साक्षीदारांना सर्व वाचून दाखवले. पुढे जे झाले ते याच कागदावर नोंदवीत आहे.

सही घेण्याआधी मी अभयला हाक मारून विचारले की तांत्रिक भाग बरोबर लिहिला आहे ना. कलम ५ त्याने दोनदा वाचले. मग म्हणाला, "आजोबा, एक राहिलं. दोन वर्षं अकाउंट कोणी उघडलं नाही तर कंपनी सगळं पुसून टाकते." फोन खाडीत गेला तो २० जानेवारी २०२४. म्हणजे आजपासून चौदा दिवस. आणि डॉक्टर सुनयना यांनी दाखल्यात लिहिले आहे की रक्तदाब उत्तम, साखर नाही, हृदय पन्नाशीतल्या माणसासारखे. चौदा दिवसांत माझा मृत्यू होण्याची काही सोय दिसत नाही. हे मृत्युपत्र लागू होईल तेव्हा द्यायला काही उरलेले नसेल.

मी म्हणालो, बघू, काहीतरी मार्ग निघेल. राजाबाईंनी पेन खाली ठेवले.

"म्या सही करनार न्हाई," त्या म्हणाल्या. "मेल्यावर खरं बोलनारी मानसं लई बघितली, बाबा. आदी पोराला फोन लावा."

सितारामनेही त्यांच्या म्हणण्याला मान डोलावली. चाळीस वर्षांत त्याला प्रथमच कोणत्या गोष्टीवर सरळ विश्वास ठेवताना मी पाहिले. मी दिपेशला फोन लावला. कलम ५ वाचून दाखवले.

मग तो म्हणाला, "दोन वरसां सगला गाव माना चोर बोलला, बाबा. तुमी आयकत बसलाव."

मी म्हणालो, होय.

"दादाला सांगलाव?"

नाही, म्हणालो.

"पयलं त्याला सांगा. मंग मी येतंव."

एवढे बोलून त्याने फोन ठेवला. पासवर्ड दिला नाही. त्याचे बरोबर आहे, मीही दिला नसता. मिथुन कामावरून सहाला घरी येतो. आता पाच पन्नास झाले आहेत. मला भीती वाटत आहे, ही गोष्ट शुद्ध जागेवर असल्याचा पुरावा म्हणून धरावी.

तरी कलम १ मध्ये, फोनचे कलम कधी वाचावे हे जेथे लिहिले आहे, तेथील 'माझ्या मृत्यूनंतर' हे दोन शब्द मी स्वहस्ते खोडून त्यावर 'आज' असे लिहिले आहे. खाडाखोडीवर माझी सही आहे.

लिहून देणार: नामा हिरू मढवी

साक्षीदार:
१. सिताराम पोशा म्हात्रे, शिरवणे
२. राजाबाई जोतीराम शेवाळे, तुर्भे (सही फोन लावल्यानंतर केली)

ठिकाण: शिरवणे, नवी मुंबई
दिनांक: ६ जानेवारी २०२६, सायंकाळी ५ वाजून ५५ मिनिटे